हायपोची बाटली

“लाव दिवा,” हे म्हणाले, आणि मी बटण दाबलं.

आमच्या मागच्या मोरीतला दिवा शंभराचा, पिवळा, हात पोचेल असा खाली सोडलेला. ह्यांनी टाकीचं झाकण उघडून फिल्मचं चक्र बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं, नेहमीसारखं कडेला, दोन बोटांत. या घडीला फिल्म कशी दिसायला हवी ते मला पाठ होतं. पातळ ताकासारखी पांढुरकी, आणि निरखून बघितलं तर त्यात माणसांच्या सावल्या. बघून सांगायचं काम माझं. ह्यांना दिसत नाही. साखरेनं डोळे गेले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

“काय दिसतंय?”

ताक कुठंच नव्हतं. चक्रावर काचेसारखी पट्टी गुंडाळलेली, किंचित पिवळट झाक, बाकी आरपार. तिच्यातून मला ह्यांचा अंगठा दिसत होता.

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. कराडच्या सोमवार पेठेत कुणालाही विचारा, शिराळकरांच्या प्रमिलाबाईंना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. पण त्या दुपारी माझ्या तोंडून शब्द निघेना, आणि त्यावरूनच ह्यांना कळलं. ह्यांनी पट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा.

“काहीच नाही?”

“नाही हो.”

“हायपो पडला,” हे म्हणाले. “सल्फाइटच्या जागी हायपो ओतला मी.”

मग म्हणाले, मला जरा बाहेर खुर्ची दे आणि पाणी आण. मी अंगणात खुर्ची टाकली, ह्यांना बसवलं, आणि पाणी आणायला आत गेले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तुम्हाला वाटेल, एक फिल्म कोरी गेली तर त्यात एवढं काय. म्हणून थोडं मागचं सांगते.

ह्यांचा फोटो स्टुडिओ होता चावडी चौकात, चाळीस वर्षं. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, कॉलेजच्या ओळखपत्राचे फोटो, सगळं कराड ह्यांच्यासमोर हनुवटी वर करून बसलेलं. मग फोनमध्ये कॅमेरे आले आणि स्टुडिओ बसला, आणि त्याच्या मागोमाग डोळे गेले. त्यानंतरची दोन वर्षं आठवूच नयेत अशी. खाटेवर बसून असायचे. रेडिओ उशाशी, तोही बंद. दाढी वाढलेली. मी जेवायला हाक मारली की ताटावर यायचे, नाही मारली तर तेही नाही.

आणि एक दिवस पुण्याहून एका मुलीचा फोन आला. तिला कुणी तरी सांगितलं होतं की कराडचे शिराळकर पूर्वी ब्लॅक अँड व्हाइट स्लाइड घरी धुवायचे, काका अजून धुतात का? मला हसूच फुटलं. आता लहान पोरासोरांच्या हातातसुद्धा फोटो निघतो, आणि ह्या शिकल्यासवरल्या मुलांना छत्तीस फोटो काढून ते आले की नाही हे कळायला पंधरा दिवस वाट बघायची हौस. पुण्यात, मुंबईत, गोव्यात म्हणे फिल्मचं परत वेड लागलंय. मी नाही म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला. “पाठव,” म्हणाले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अहो, तुम्ही कसं करणार? तर म्हणतात, “फिल्म अंधारातच भरायची असते. तिथं तू तरी कुठं डोळस असणार आहेस?”

त्या संध्याकाळी ह्यांनी दाढी केली. स्वतःची स्वतः.

साधी फिल्म धुतली की तिच्यावर उलटं चित्र येतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्यावरून मग कागदावर फोटो काढतात. आमच्याकडे यायची ती कामं निराळी. पोरांना फिल्मवरच सुलटं चित्र हवं असायचं, भिंतीवर पाडून बघायला. त्यासाठी आधी डेव्हलपर घालून उलटं चित्र येऊ द्यायचं आणि मग जांभळ्या पाण्यानं तेच चित्र खाऊन टाकायचं. मग सल्फाइटचं पाणी, जांभळ्याचे डाग जायला. मागं जी कच्ची चांदी उरते तिच्यात सुलटं चित्र लपलेलं असतं. तिला दिवा दाखवायचा, पुन्हा तोच डेव्हलपर घालायचा, की माणसं उमटतात. हायपो सगळ्यात शेवटी. तो आधी पडला तर ती कच्ची चांदीच विरघळून जाते आणि काही म्हणजे काही राहत नाही. या कामात नक्कल नाही. जे काय ते त्या एका पट्टीवर.

सगळ्या बाटल्या सारख्या, तपकिरी काचेच्या. ह्यांनी गळ्यापाशी रबर चढवून ठेवलेले. डेव्हलपरला एक, जांभळ्याला दोन, सल्फाइटला तीन, हायपोला चार. बोटानं मोजायचे आणि वर वास घ्यायचे. सल्फाइटला जळक्या काडेपेटीसारखा उग्र वास असतो, हायपोला जवळजवळ नसतोच. त्या जांभळ्या पाण्यात तेजाब असतं, ह्यांची बोटं कायम तपकिरी पडलेली, मधून मधून सोललेली. मी रबरी हातमोजे आणून दिले तर म्हणाले, “हे घातले तर मी खरंच आंधळा.”

चार वर्षांत एकही रोल वाया गेला नाही. एकही. लोक पार्सलात चिठ्ठ्या पाठवायचे, मी वाचून दाखवायची. धुतलेली फिल्म दिव्यासमोर धरून एकेक चित्र सांगायची. थोडं सजवूनही सांगायची, खोटं कशाला बोलू. एखाद्यानं हात हलवून फोटो बिघडवला असला तरी मी म्हणायची, काय छान पाणी आलंय नदीचं. साखरेचा रिपोर्ट दोनशे साठ आला तर मी एकशे ऐंशी वाचायची. ते एकदा डॉक्टरांकडूनच उघडं पडलं. हे रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, प्रमिल, तुझ्याकडून ऐकलेल्या जगात सगळंच बरं चाललेलं असतं.

आता परत त्या दुपारकडे येते.

रोल होता वसईच्या सॅव्हिओ डाबरे नावाच्या मुलाचा. बहिणीच्या लग्नात त्यानं फक्त आयाबायांचे फोटो काढले होते. मांडवात बसून गाणी म्हणणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, नवरीला न्हाऊ घालणाऱ्या. त्या सगळ्यांना एकत्र बसवून चादरीवर दाखवायचे म्हणून मुद्दाम स्लाइड. हे चिठ्ठीत लिहिलेलं मीच वाचून दाखवलं होतं.

अंगणात पाणी पिऊन हे उठले. भिंतीला हात लावत मोरीत गेले. मी मागं उभी. ह्यांनी फळीवरच्या बाटल्या डावीकडून चाचपायला घेतल्या. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक गळ्यावरचे रबर बोटानं वेगळे करून मोजले. मग उजवीकडून उलटे मोजले.

“बाटल्या बरोबर आहेत,” म्हणाले.

मी पाण्याचा रिकामा पेला धुवायला घेतला.

“म्हणजे चाराचे तीन मोजले मी. सर्दीनं नाक बंद होतं, वास लागला नाही, ते सोड. पण मोजलं चुकीचं.” मग दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले, कुणाचे तरी आणून दिल्यासारखे. “प्रमिल, बोटं चालली माझी.”

डॉक्टरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. साखर अशीच राहिली तर डोळ्यांनंतर हातापायांच्या बोटांतलं समजणं कमी होईल, हळूहळू, तुमच्या लक्षातही यायचं नाही. तेव्हापासून हे मनात धरून बसले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

सॅव्हिओला फोन स्वतःच केला. आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, चूक माझी, रोल पूर्ण गेला, आणि तुला सांगायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं, मला दिसत नाही.  मग तो पोरगा म्हणाला, काका, मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर तुमच्याकडे पाठवतो. बहीण माहेरपणाला येणार आहे, तेव्हा बायका पुन्हा जमतील, मी दुसरा रोल पाठवतो. हे म्हणाले, नको पाठवू. तरी त्यानं चार दिवसांनी पाठवलाच. ह्यांनी पार्सल उघडू दिलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले काय सांगू. हे कुणावर चिडले नाहीत, कुठं आदळआपट नाही. मला म्हणाले, आलेले चार रोल ज्याचे त्याला परत पाठव, आणि बाटल्या ओतून टाक. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. हे आपले खाटेवर बसून स्वतःची परीक्षा घेत. वाटीत तूरडाळ आणि मसूर मिसळायला लावायचे आणि वेगळी करायचे. वेगळी व्हायची अगदी चोख. मी सांगायची, एक दाणा इकडचा तिकडं नाही. तर म्हणायचे, तू काय, असंच म्हणणार. दुपारी आडवं झाल्यावर माझा हात ओढून बांगड्या मोजायचे. “सात?” “सातच.” “खरंच सात?” “अहो, सातच आहेत.” मग हात सोडून द्यायचे. जिच्या डोळ्यांनी बघायचं तिच्यावरच विश्वास नाही, मग माणसानं करावं काय?

हेमंत, आमचा मुलगा, नागपूरला. त्याला कळल्यावर तो म्हणाला, आई, झालं ते एका परीनं बरंच झालं. तेजाबाशी खेळ चालला होता बाबांचा. आता खोली रिकामीच आहे आमच्याकडे, या निघून दोघं. सूनही म्हणाली. ह्यांनी होकाराची मान हलवली. कधी नव्हे ते. महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं बघायला सांगितली. मला वाटत होतं, आता तरी मला आनंद व्हायला हवा.

अकराव्या दिवशी सकाळी अंघोळ करून हे बाहेर आले, शर्ट अंगात घालून, बटणं उघडी. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “लावून दे.”

आंधळेपणाच्या पहिल्या दिवसापासून ह्यांनी शर्टाचं एक बटण मला लावू दिलं नव्हतं. मी लावली. वरपासून खालपर्यंत सहा. लहान मुलासारखे हात बाजूला सोडून उभे होते. दुपारी जेवताना वरणभात वाढला तर ताटावर हात नुसताच ठेवून म्हणाले, कालवून देशील का, सांडतं गं. सांडत काही नव्हतं. एक शीत सांडलं नव्हतं. बोटांत जीव होता, ह्यांनीच तो काढून घेतला होता.

तेव्हा मला राहवलं नाही. आता तुम्हालाही सांगते, इतका वेळ सांगितलं नाही ते.

ज्या दिवशी रोल गेला त्या दिवशी सकाळी मी नागपूरला कुरडया पाठवत होते. कुरियरवाला दारात उभा, त्याची गाडी चालू. मागच्या बाजूला, मोरीलगतच्या टेबलावर मी पिशवी भरली आणि तोंड बांधायला काही सापडेना. हात वर गेला, फळीवरची जी बाटली आधी हाताशी आली तिचा वरचा रबर ओढला आणि पिशवीला लावला. म्हटलं, लावू मग दुसरा. आणि विसरले. ह्यांनी सकाळी उठल्या उठल्या बाटल्या मोजून ठेवल्या होत्या, त्यामुळे दुपारी पुन्हा सगळी रांग मोजली नाही, उजवीकडून जी तीन रबरांची बाटली आधी हाताला आली ती उचलली. ती हायपोची. चार होते तिथं तीनच उरले होते. ह्यांनी मोजलं होतं ते बरोबरच होतं.

आणि हे अंगणात खुर्चीवर बसले असताना मी पाणी आणायला आत गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. माठाकडे जायच्या आधी मी ह्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांना गुंडाळलेला रबर काढला आणि हायपोच्या बाटलीला चढवला. मग पाणी नेऊन दिलं.

भाताचं ताट बाजूला सारून मी हे सगळं ह्यांना सांगितलं. कुरडया, कुरियरवाला, रबर, गोळ्यांचं पाकीट, सगळं.  मला वाटलं, आता हे उसळतील. उसळावं असंच वाटत होतं.

हे हसले. इतकं मायेनं हसले की मला धडकी भरली.

“किती करशील गं माझ्यासाठी,” म्हणाले.

“अहो, मी खरं सांगतेय.”

“माझी साखर एकशे ऐंशी होती ना, तितकंच हेही खरं.”

मी म्हटलं, हेमंतला फोन करा, कुरडयांच्या पिशवीला रबर होता की नाही विचारा. हे म्हणाले, पिशवीला रबर असायचाच, त्यात काय. मी ठकीची, माझ्या नातीची शपथ घालते म्हटलं, तर हात वर करून थांबवलं, पोरीला यात ओढू नकोस. मी बाटली आणून हातात दिली, बघा, चौथा रबर जाड आहे, बाकीच्या तिघांहून वेगळा. ह्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, आज जाड वाटतोय, उद्या बारीक वाटेल, या बोटांचं मला विचारू नकोस. मग माझ्या पाठीवर थोपटलं. माझी समजूत घालत होते. मी, जिनं हे केलं, तिची.

त्या वेळी मला कळलं की सहा वर्षं मी जे गोड करून सांगत आले ते सगळं आता एका बाजूला उभं आहे आणि माझं खरं बोलणं दुसऱ्या बाजूला एकटं पडलंय. आणि हेही कळलं की मी अजूनही सगळं सांगितलेलं नाही. जे सांगितलं त्यात मी विसराळू होते, घाबरट होते. विसराळू, घाबरट बायकोला कुणीही माफ करतं. तेवढ्यावर माझी सुटका होणार होती आणि ह्यांची नाही.

मी खाली, ह्यांच्या पाटासमोर बसले.

“मी रबर परत का लावला, विचारा मला.”

“घाबरलीस, म्हणालीस ना.”

“घाबरले ते नंतर. आधी मला बरं वाटलं.”

 मी थांबले असते तर पुढचं कधीच बोलले नसते, म्हणून बोलत सुटले.

म्हटलं, ती कोरी फिल्म बघितली आणि रोल कसा गेला ते लक्षात आलं, त्या मिनिटाला माझ्या मनात आलं, सुटले. मला या मोरीचा कंटाळा आलाय. त्या वासाचा आलाय. माझ्या प्रत्येक पातळावर जांभळे डाग आहेत, लग्नाकार्याला नेसायला एक धड नाही. रोज दुपारी डोळा लागायच्या आत तुमची हाक येते. लोकांच्या लग्नांची, लोकांच्या नद्यांची चित्रं मी तुम्हाला सांगत बसते, आणि माझी नात पहिलं पाऊल टाकते ते मी फोनच्या एवढ्याशा काचेत बघते. ठकी मला ओळखत नाही. परवा हेमंतनं तिला माझ्यासमोर धरलं तर तिनं तोंड फिरवलं आणि रडली. तुम्हाला मी काय सांगितलं? हसली म्हणून सांगितलं. तुम्हाला कसं सांगणार, तुमचा जीव या बाटल्यांत. तुम्ही परत त्या खाटेवर गेलात तर मी मेलेच असते. म्हणून कधी बोलले नाही. पण त्या दिवशी वाटलं, मी काही करायचं नाही, नुसता एक रबर लावायचा, की ह्यांना वाटेल बोटं गेली, आणि आपण नागपूरला जाऊ. पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत मी खूश होते. तुम्ही बोटं पुढे धरलीत तेव्हा मला कळलं मी काय केलं. आणि तरीही मी अकरा दिवस गप्प बसले.

सांगून झालं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. ताटातला भात वाळायला लागला होता. मला ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि बघितलं असतं तरी ह्यांना ते कळलं नसतं, पण नाहीच बघवलं.

मग हे म्हणाले, “ठकी रडली?”

“रडली.”

“हे तू माझ्या समाधानासाठी सांगत नाहीस.”

“नाही.”

“नाहीच,” हे म्हणाले. “समाधानासाठी कुणी असलं सांगत नाही.”

आणि मग ह्यांचा चेहरा मोडला. डोळे गेले त्या दिवशी डॉक्टरांसमोर हे रडले नव्हते, स्टुडिओची पाटी उतरवली तेव्हाही नाही. त्या दुपारी ताटावर बसून लहान मुलासारखे हमसून रडले. मला वाटलं रागानं, पण हात पुढे करून माझं मनगट चाचपत होते, आणि मनगट सापडल्यावर ते घट्ट धरलं.  मीही रडले. इतकी की नाकाडोळ्यांतून पाणी, पदर भिजला.

शांत झाल्यावर ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि तो गार झालेला वरणभात स्वतःच कालवला. सगळा खाल्ला. मी लिंबू पुढे केलं तर म्हणाले, माहीत आहे कुठं आहे ते.

जेवण झाल्यावर बोलले. राग होता, तो लपवला नाही, आणि मला तेच बरं वाटलं. म्हणाले, रोल गेला त्याचं मला काही नाही, रोल जातात. तू अकरा दिवस मला दाणे निवडताना बघत होतीस, ते मला पचायला वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे. म्हणाले, सॅव्हिओला मी आजच फोन करतो आणि खरं काय ते सांगतो, तुझं नाव घेऊन सांगणार. मी म्हटलं, घ्या. म्हणाले, तो नवा रोल कुठं ठेवलायस? मी म्हटलं, कपाटात, लुगड्यांच्या घडीत. तो काढून आण म्हणाले.

मी आणून दिला. पार्सल फोडून रोल तळहातावर ठेवला, आणि मला वाटलं आता लगेच मोरीत जातील. गेले नाहीत. रोल मुठीत धरून खाटेवर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

“आता नागपूरचं बोल,” म्हणाले. “गोड करून सांगू नकोस. मी इथं राहीन, जेवणाचं समोरच्या वहिनींकडे सांगता येईल, माझं काही अडत नाही. तिकडं किती दिवस राहावंसं वाटतं तुला?”

“महिनाभर,” मी म्हटलं.

हे वाट बघत राहिले. मान माझ्याकडे वळवलेली, कान माझ्या श्वासाकडे.

“दोन महिने,” मी म्हटलं. “तीन.”